फाईल, कोड आणि हिरकणीची वाट

'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' या गेममध्ये सगळं इंडोनेशियाचं आहे. शहरं तिकडची, पाट्या तिकडच्या, हॉर्न तर खास तिकडचा. तरीही महाड-पोलादपूरकडच्या मुलाला तो पाच मिनिटांत ओळखीचा वाटतो. इंडोनेशियात वाहनं आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं. कडेला माड आहेत, भातशेती आहे, समोरून ट्रक आला की पोटात गोळा यावा असे अरुंद रस्ते आहेत. युरोपातले ट्रक चालवायचे गेम कितीही देखणे असले तरी तिथे उजव्या बाजूने गाडी हाकताना आपण पाहुणे आहोत हे सतत जाणवतं. इथे तसं होत नाही. खटकते ती एकच गोष्ट: बस आपली नाही.

मालेओ या इंडोनेशियन कंपनीने हा गेम २०१७ मध्ये आणला. त्याच्या थोडंच आधी, डिसेंबर २०१६ मध्ये, तिथल्या पोरांचं एक वेड जगभर पसरलं होतं. रस्त्याकडेला उभं राहायचं, येणाऱ्या बसला 'ओम तेलोलेत ओम' असं लिहिलेली पाटी दाखवायची. 'ओम' म्हणजे काका. काका, हॉर्न वाजवा ना काका! अशा बसवेड्या पोरांच्या देशात जन्मलेल्या गेममध्ये एक सोय होती. बसचा रंग, म्हणजे लिव्हरी, बाहेरून आणून चढवता यायची. पुढे अख्खी नवी गाडी मॉड म्हणून टाकता येऊ लागली. ही सोय मराठी पोरांच्या हाती लागली आणि इंडोनेशियाच्या रस्त्यांवर एसटी धावू लागली. लालपरी आली, शिवशाही आली. १९८२ च्या आशियाई खेळांची आठवण नावात बाळगणारी एशियाड आली आणि तिचाच पुढचा अवतार असलेली हिरकणीही.

लिव्हरीचं काम वरवर पाहता सोपं आहे. बसचा पत्रा सोलून जमिनीवर सपाट अंथरावा तसं एक चित्र असतं. त्यावर मोबाईलमधल्याच एखाद्या फोटो-ॲपने रंग भरायचा, एसटीचं बोधचिन्ह बसवायचं, काचेवर मार्गाची पाटी लावायची. उजव्या बाजूची अक्षरं उलटी येणार नाहीत ना, चाकाच्या कमानीत पट्टा तुटणार नाही ना, एवढं बघायला तासन्‌तास जातात. ज्या पोलादपुरातून निम्मं घर कामासाठी मुंबईला असतं, तिथल्या मुलाला काचेवर कुठली पाटी लावायची हे कुणी सांगावं लागत नाही.

काटेकोर बोलायचं तर बसचा रंग म्हणजे लेव्हल नव्हे. लेव्हल म्हणजे खेळायची जागा: कुठे भिंत, कुठे खड्डा, कुठून शत्रू येणार आणि सुटकेची वाट कोणती. पण दोन्हींच्या मुळाशी खटाटोप एकच आहे. दुसऱ्याने बनवलेल्या गेममध्ये आपली भर घालायची आणि ती तिसऱ्याला खेळायला द्यायची. या खटाटोपाला चाळीसेक वर्षांचा इतिहास आहे. तो आपल्याकडे कुणी लिहीत नाही, कारण पोरं मोबाईलवर जे करतात त्याला 'टाईमपास' म्हटलं की विषय संपतो. मला त्यातला एकच धागा धरायचा आहे. बनवलेली लेव्हल नेमकी राहते कुठे? बनवणाऱ्याच्या हातात, की कंपनीच्या कपाटात?

*

नव्वदच्या दशकात आणि नंतरही बरीच वर्षं महाराष्ट्रातल्या घरांत टीव्हीला जोडायचा 'व्हिडिओ गेम' असायचा. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या यंत्राची ती स्वस्त नक्कल. सोबतच्या कॅसेटवर '९९९९ इन १' असं काहीतरी धडधडीत खोटं छापलेलं असायचं. खरे गेम निघायचे वीस-पंचवीस, बाकी तेच फिरून फिरून. त्यात हमखास असायचा टँक. खरं नाव 'बॅटल सिटी', नामको कंपनीने १९८५ मध्ये काढलेला. खाली मधोमध गरुडाचं चिन्ह, त्याभोवती विटांची भिंत आणि वरून येणारे वीस रणगाडे. गरुड फुटला की खेळ खल्लास. सुरुवातीच्या पडद्यावर तीन ओळी असायच्या: एक प्लेयर, दोन प्लेयर आणि कन्स्ट्रक्शन.

ती तिसरी ओळ निवडली की रिकामं मैदान यायचं. तेरा बाय तेरा चौकोन. बटण दाबत गेलं की वीट, पोलाद, पाणी, झाडी, बर्फ असे प्रकार पालटायचे आणि हवा तो चौकोन हवा तसा भरता यायचा. मराठी मुलांच्या एका अख्ख्या पिढीने आयुष्यातली पहिली लेव्हल बनवली ती इथे, असं मी बेधडक म्हणेन. आणि बहुतेकांनी पहिल्यांदा बनवलं ते एकच: गरुडाभोवती पोलादाची भिंत. शत्रूच्या गोळ्यांनी पोलाद फुटत नाही. किल्ला अजिंक्य. दहा मिनिटांत कळायचं की अजिंक्य किल्ला खेळायला भयंकर कंटाळवाणा असतो. मग एका बाजूचं पोलाद काढून वीट लावायची, पाण्याचा पट्टा जरा वळवायचा, झाडीत आपला रणगाडा लपेल एवढी जागा ठेवायची. शत्रूला थोडी वाट दिल्याशिवाय खेळ रंगत नाही हा धडा त्या तेरा बाय तेरा चौकोनांनी दिला.

पण ती लेव्हल साठवता येत नव्हती. यंत्र बंद केलं की गेली. जपानमधल्या मुलांची थोडीफार सोय होती. तिकडे याच यंत्रासाठी टेपरेकॉर्डरसारखं एक जोडयंत्र मिळायचं आणि १९८४ च्या 'एक्साईटबाईक'मध्ये आखलेले रस्ते त्यावर जपून ठेवता यायचे. ते जपानबाहेर विकलंच गेलं नाही. आपल्याकडे तर वर लोडशेडिंग. २००५ नंतरच्या ज्या वर्षांत गावोगाव दिवसाचे कित्येक तास वीज नसायची, तेव्हा लेव्हलचं आयुष्य भारनियमनाच्या वेळापत्रकावर ठरायचं. आणि लेव्हल 'शेअर' करायची म्हणजे दुसरा रिमोट भावाच्या हातात द्यायचा.

*

साठवायची आणि दुसऱ्याला द्यायची सोय संगणकावर आधीपासून होती. १९८३ च्या 'लोड रनर'सोबत लेव्हल बनवायचं साधनही मिळायचं. बनवलेलं फ्लॉपीवर घ्यायचं आणि मित्राकडे न्यायचं. पण गोष्ट खरी बदलली ती १० डिसेंबर १९९३ ला आलेल्या 'डूम'ने. त्याच कंपनीच्या आधीच्या गेममध्ये काही उचापती खेळाडूंनी मूळ फाईली उघडून आपल्या लेव्हल्स घुसवल्या होत्या. दुसरी एखादी कंपनी वकिलाकडे गेली असती. डूमचा प्रोग्रामर जॉन कारमॅक याला ते आवडलं. त्याने नव्या गेमची रचनाच अशी केली की गेम चालवणारं यंत्र एकीकडे आणि लेव्हल्स, चित्रं, आवाज दुसरीकडे, वेगळ्या फाईलमध्ये. त्या फाईलला नाव दिलं वॅड. जानेवारी १९९४ संपायच्या आत खेळाडूंनी लेव्हल बनवायचं स्वतःचं साधन तयार केलं आणि वॅड फाईलींचा पूर आला. त्यांचा एक साठा तेव्हापासून आजवर इंटरनेटवर सांभाळलेला आहे. १९९७ मध्ये कंपनीने गेमचा मूळ कोडही खुला केला. परिणाम असा की १९९४ मध्ये कुणी कॉलेजकुमाराने रात्री जागून बनवलेली लेव्हल आज तुमच्या फोनवर चालू शकते. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, कुठला सर्व्हर जिवंत असावा लागत नाही. फाईल आहे, बस्स.

आपल्याकडे ही संस्कृती उतरली सायबर कॅफेंतून, आणि डूमपेक्षा 'काउंटर-स्ट्राईक'मधून. हा गेमच मुळात एक भर होती. मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी १९९९ मध्ये 'हाफ-लाईफ' या दुसऱ्याच गेमवर चढवलेली. त्यातला सगळ्यात गाजलेला वाळवंटी नकाशा, 'डस्ट', डेव्ह जॉन्स्टन नावाच्या एका इंग्रज पोराने किशोरवयात बनवला. लाखो लोक ज्या गल्ल्यांत रोज लढले त्या अशा कुणाच्या तरी घरातल्या टेबलावर आखल्या गेल्या होत्या. मोठ्या शहरांपासून तालुक्याच्या गावांपर्यंत, एसटी स्टँडच्या आसपास तासाच्या दराने संगणक देणाऱ्या खोल्यांत 'काउंटर' खेळलं जायचं. तिथल्या मुलांना लेव्हल हा शब्द नकोच होता, ते 'मॅप' म्हणायचे. बर्फाचा मॅप लाव. पोहण्याच्या तलावाचा मॅप लाव.

या मॅपचं एक वागणं मला फार महत्त्वाचं वाटतं. इंटरनेटवरच्या एखाद्या सर्व्हरवर तुमच्याकडे नसलेला मॅप चालू असेल तर आत शिरताना ती फाईल आपोआप तुमच्या संगणकावर उतरायची. खेळ संपला तरी ती तिथेच राहायची. म्हणजे नुसतं खेळलात तरी तुम्ही एक प्रत सांभाळणारे झालात. कॅफेवाल्याने पेन ड्राईव्हमधून दहा संगणकांवर चढवलेला मॅप दहा ठिकाणी राहिला. कुणाचा आहे, कुठून आला, कुणाला ठाऊक नसायचं. बनवणाऱ्याचं नाव हरवायचं, मॅप जगायचा. लोककथांचं काही वेगळं होत नाही.

*

मग फोन आले. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि महिनाभर एक जीबी पुरवून वापरणारी माणसं दिवसाला एक जीबी संपवू लागली. बसचा गेम आला तो याच उंबरठ्यावर. सुरुवातीला तरी मॉडच्या फाईली नेटवरून कमी आणि हातोहात जास्त फिरल्या. एकाने उतरवायची, मग शेअरइट किंवा झेंडरवरून दोन फोन शेजारी धरून पाठवायची. डोंगरकपारीतल्या वाडीत जिथे रेंजसाठी विशिष्ट दगडावर जाऊन उभं राहावं लागतं, तिथे हे फार सोयीचं. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. टिकटॉकचा गवगवा झाला. त्याच यादीत शेअरइट आणि झेंडरही होते, त्यांच्यासाठी कुणी रडलं नाही. पण फाईल हातातून हातात द्यायची सवय मोडायला जी काही कारणं झाली त्यात हे एक धरायला हवं.

मॉडच्या दुनियेची आपली अशी एक बाजारपेठही झाली. मेहनतीने बनवलेली बस दुसराच कुणी आपल्या नावावर खपवतो, ही तिथली जुनी तक्रार. म्हणून फाईल कुलूपबंद करायची आणि पासवर्ड यूट्यूबच्या व्हिडिओत मध्येच कुठेतरी क्षणभर झळकवायचा. पाहा पूर्ण व्हिडिओ! वैताग येतो, मान्य. पण नाव टिकवायचा तो भाबडा प्रयत्न आहे, आणि काउंटरच्या निनावी मॅपनंतर तो समजण्यासारखा आहे.

तोवर खेळण्याची मुख्य जागा बदलली होती. 'पबजी मोबाईल'वर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तो 'बीजीएमआय' या नावाने परत आला, २८ जुलै २०२२ ला दुकानांतून पुन्हा गायब झाला, मे २०२३ मध्ये पुन्हा उगवला. 'फ्री फायर'वर १४ फेब्रुवारी २०२२ ला बंदी आली. त्याचंच जुळं भावंड 'फ्री फायर मॅक्स' मात्र राहिलं. आपल्या विषयाच्या दृष्टीने ही जुळ्यांची गंमत महत्त्वाची, कारण लेव्हल बनवायची सोय, क्राफ्टलँड, मॅक्समध्ये होती. बीजीएमआयमध्येही परतल्यानंतर 'वर्ल्ड ऑफ वंडर' नावाने अशीच सोय आली. आता संगणक लागत नाही, इंग्रजी मॅन्युअल लागत नाही. अंगठ्याने भिंती ओढा, उड्या मारायचे खांब लावा, पाण्याच्या टाक्या ठेवा, नाव द्या. टँकच्या कन्स्ट्रक्शनला जे जमलं नाही ते सगळं इथे आहे: साठवणं, पाठवणं, चार मित्रांनी मिळून खेळणं.

फाईल तेवढी नाही. तुम्ही बनवलेला मॅप कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि तुमच्या हातात असतो त्याचा कोड, आकड्या-अक्षरांची एक ओळ. मित्राला ती ओळ व्हॉट्सॲप करायची, तो ती गेममध्ये टाकतो आणि मॅप उघडतो. हे फाईल पाठवण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. पण या ओळीची किंमत गेम चालू आहे तोपर्यंतच. फोनमध्ये सात-बारा असावा आणि जमीन दुसऱ्याच्या खिशात, असा प्रकार. बीजीएमआय जवळपास दहा महिने दुकानांत नव्हता. त्या काळात त्यात मॅप बनवायची सोय असती, तर ते मॅप कुठे शोधायचे?

ही नुसती शंका नाही, असं घडलेलं आहे. निन्टेन्डोने २०१५ मध्ये 'सुपर मारिओ मेकर' काढला. हे यंत्र आपल्याकडे फारसं आलंच नाही, पण जगभरच्या खेळाडूंनी त्यात लाखो लेव्हल्स बनवल्या. प्रत्येकीला एक कोड. कंपनीने जाहीर केलं की ८ एप्रिल २०२४ ला सर्व्हर बंद होणार. मग काही खेळाडूंनी चंग बांधला की ज्या लेव्हल्स अजून कुणीच पार केलेल्या नाहीत त्या सगळ्या बंद होण्याआधी पार करायच्या. मार्च महिन्यात एकच उरली. शेकडो तास लोक तिच्यावर आपटत राहिले. शेवटी बनवणाऱ्यानेच कबूल केलं की त्याने ती हाताने पार केलीच नव्हती. यंत्राकडून खेळवून चढवली होती. म्हणजे ती मोजायचीच नाही, लोक जिंकले होते. तरीही एका पठ्ठ्याने सर्व्हर बंद व्हायच्या तीन दिवस आधी ती हाताने पार करून दाखवली. हा सगळा आटापिटा ज्या जागेसाठी, ती त्यानंतर कोडने उघडेनाशी झाली.

*

त्या कबुलीवर लोक का चिडले हे समजायला मारिओ मेकरचा एक नियम ठाऊक हवा. लेव्हल लोकांपुढे ठेवण्याआधी बनवणाऱ्याने ती स्वतः पार करून दाखवायची. मोबाईलवर एका अंगठ्याने खेळला जाणारा 'जिओमेट्री डॅश', २०१३ साली स्वीडनच्या रॉबर्ट टोपालाने काढलेला, तिथेही हाच कायदा. मी रस्ता बनवला, मी चालून आलो, आता तुम्ही या. बनवणारा आणि खेळणारा यांच्यातला करार आहे तो.

महाडपासून पंचवीसेक किलोमीटरवर याच्या बरोबर उलट्या कराराची गोष्ट सांगितली जाते. रायगड बांधून झाल्यावर शिवाजी महाराजांनी जाहीर केलं की केलेल्या वाटेशिवाय, दोर-शिडी न लावता, जो कुणी गड चढून दाखवील त्याला होनांची थैली आणि सोन्याचं कडं मिळेल. एक जण चढला. वर निशाण लावून खाली मुजऱ्याला हजर झाला. त्याला बक्षीस मिळालं आणि तो चढला ती वाट चोरदरवाजा ठेवून बंद केली गेली. ही आख्यायिका आहे, पुरावा नव्हे; इंग्रजी अमदानीतल्या पुस्तकांपासून छापली जाते. पण लेव्हल तपासण्याची याहून नेमकी पद्धत मला माहीत नाही. खेळाडूला खुलं आव्हान द्या, तो जिथून शिरेल ते भोक बुजवा. त्या माणसाची जात कथेने लक्षात ठेवली, तो महार होता असं सांगतात. नाव ठेवलेलं नाही. चवदार तळ्याच्या गावातल्या वाचकाला यावर वेगळं काही सांगायला नको.

हिरकणीची गोष्ट तर सगळ्यांना पाठ. दरवाजे मिटले, घरी तान्हं बाळ, आणि ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि तिथे बुरूज बांधला. लहानपणी या गोष्टीत आईची माया दिसते. लेव्हल बनवणाऱ्याच्या नजरेने पाहिलं की आणखी एक गोष्ट दिसते: बांधणाऱ्याच्या स्वप्नातही नसलेली वाट एका खेळाडूने शोधली आणि दुसऱ्या दिवसापासून ती बंद करण्यात आली. गेमवाले याला पॅच म्हणतात. फरक इतकाच की इथे पॅचला तिचं नाव दिलं. गंमत म्हणजे १९९६ पासून रायगडाचा रोपवे निघतो तो हिरकणीवाडीतूनच. दीडेक हजार पायऱ्यांची चढण वगळून चार-पाच मिनिटांत वर. जी वाट बुरूज बांधून बुजवली, तिच्याच अंगाने आता तिकीट काढून जातात.

शेजारच्या पोलादपूर तालुक्यात उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाण्यावर तेही दरवाजाने गेले नाहीत, कड्याने गेले. दोन शेजारी तालुक्यांच्या वाट्याला कडे चढण्या-उतरण्याच्या इतक्या गोष्टी याव्यात, यात भूगोलाचा हात मोठा असणार. इथे सरळ वाट अशी नसतेच. कशेडी, आंबेनळी, वरंधा. ज्या बाजूला निघाल त्या बाजूला घाट.

आणि दिवाळीत दारोदार जे किल्ले होतात ते काय असतं? दगड रचायचे, गोणपाट अंथरायचं, माती लिंपायची, अळीव-मोहरी पेरून हिरवळ उगवायची, मावळे उभे करायचे. रायगडाच्या पायथ्याशी राहणारी पोरंसुद्धा रायगडच बनवतात, पण प्रत्येकाचा वेगळा. कुणाला महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत लपवायचं जमतं. तो तसा का लपवला आहे हे हाताने माती थापताना जेवढं कळतं तेवढं इतिहासाच्या पुस्तकातल्या चित्रावरून कळत नाही. चांगला किल्ला पाहणारे कडेला उकिडवे बसून बोटाने वाट शोधतात: इथून वर, इथून डावीकडे, अरे इथे अडलो. दिवाळी संपली की किल्ला मोडतो, चित्रं टोपलीत भरून माळ्यावर जातात. पुढच्या वर्षी पुन्हा. हा किल्ला ना फाईल असतो ना कोड. तो मोठ्या भावाने धाकट्याच्या हातात दिलेला असतो.

*

आतापर्यंतचं वाचून असं वाटेल की मी फाईलवाल्यांच्या बाजूचा आहे. आहेच. पण महाडात बसून फाईलची बाजू घेणं जरा जड जातं.

२२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी शहरात शिरलं. तळमजले, दुकानं, बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याच संध्याकाळी तळिये गावावर डोंगर कोसळला. तिथे जे गेलं त्यापुढे हार्ड डिस्कची गोष्ट काढायलाही ओशाळल्यासारखं होतं. तरी इथे ती काढतो, कारण आपण लेव्हल कुठे राहते हे विचारतोय. चिखलात गेलेल्या संगणकातली फाईल गेली म्हणजे गेली. तिची दुसरी प्रत नसेल तर त्या फाईलमध्ये आणि बंद पडलेल्या टँकच्या लेव्हलमध्ये काही फरक उरत नाही. उलट कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेला मॅप त्या पुरात भिजला नाही. नवा फोन घ्यायचा, जुन्या खात्यात शिरायचं, मॅप जसाच्या तसा. इथल्या मुलाने कोडवर विश्वास टाकला तर त्याला भोळा म्हणता येणार नाही.

पण डूमच्या वॅड तगल्या त्या कुणाच्या एकाच्या संगणकात होत्या म्हणून तगल्या नाहीत. त्या हजारो संगणकांत होत्या. पूर एका गावात येतो, बंदी एका देशात येते, कंपनी एका दिवशी बंद पडते. प्रत चार गावांत असेल तर यातलं काहीच पुरेसं ठरत नाही. काउंटरचा मॅप खेळणाऱ्याच्या संगणकात उतरून राहायचा, त्यात हीच हुशारी होती, जरी ती कुणी ठरवून केली नसली तरी. कोडमध्ये नेमकं हेच नाही. हजार जण खेळले तरी प्रत एकच, आणि ती एकाच्याच ताब्यात.

सोय कुठे आहे आणि कुठे नाही हे बनवायला बसण्याआधी पाहून घेता येतं. 'माइनक्राफ्ट'मधलं जग फाईल म्हणून बाहेर काढता येतं, फोनवरूनसुद्धा. रायगड उभारणारे मराठी खेळाडू त्यात आहेतच. त्यांची बाजारपेठ आणि होळीचा माळ पेन ड्राईव्हवर मावतो. बसच्या लिव्हरीचं मूळ चित्र आणि कुलूप न लावलेली मॉडची फाईल एखाद्या मित्राकडे, दुसऱ्या गावात, ठेवायला काही पैसे पडत नाहीत. ज्या गेममध्ये नुसता कोड मिळतो तिथे अख्ख्या मॅपमधून एकदा सावकाश चालत स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवता येतं. त्यातून खेळता येणार नाही, पण कुठे काय होतं ते कळेल आणि कुणाला हवं असेल तर ते पुन्हा बांधता येईल.

टँकच्या लेव्हलचं तर सगळ्यात सोपं होतं. तेरा चौकोन आडवे, तेरा उभे. गणिताच्या चौकटीच्या वहीत एका पानावर ती बसते. विटेला फुली, पोलादाला भरीव चौकोन, पाण्याला लाटेची रेघ, झाडीला टिंब, बर्फ तेवढा कोरा. वीज आली की पान टीव्हीसमोर उघडं ठेवायचं आणि पुन्हा पहिल्या चौकोनापासून सुरुवात करायची.